शिस्त, नेम आणि चापावरचे बोट



मराठीत ‘नेम’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक बंदुकीचा, दुसरा चातुर्मासातला. फारशीतून आलेल्या ‘शिस्त’ या शब्दाचेही तसेच. आज आपण शाळेची शिस्त म्हणतो. जुन्या मराठीत शिस्त धरणे म्हणजे नेम धरणे, आणि पलटणीतला हवालदार अजूनही त्याच अर्थाने ‘शिस्त’ घ्यायला सांगतो. नेम साधण्याच्या दोन्ही शब्दांत आपल्या भाषेने नियम भरून ठेवला आहे. सैनिकांच्या बोटाची ही सवय साध्या घरांपर्यंत कशी आली, एवढेच आज सांगायचे आहे. एका जैन वैद्याने बंदुकीवर बोलावे याचे काहींना नवल वाटेल. त्याचे उत्तर पुढे दादासाहेब मावळंकरच देतील.

पानिपतावर १४ जानेवारी १७६१ रोजी मराठ्यांकडून लढलेला इब्राहिमखान गारदी बुसीच्या फ्रेंच कवायतीत तयार झाला होता. पुढे महादजी शिंद्यांनी द बॉयन्यकडून कंपू उभे करवले. या कवायतीत एकेकट्याच्या नेमाला फार किंमत नव्हती. रांगेने उभे राहायचे, हुकमासरशी एकदम बार काढायचा आणि भराभर पुन्हा भरायचे. गुळगुळीत नळीची बंदूक लांबवर नेमके मारीतही नसे. बोट हुकमाचे ताबेदार होते. नळीला आतून आटे पाडलेली रायफल पलटणीत सरसकट आली तेव्हा हे बदलले. इंग्रजांनी १८५३ साली हाइथ येथे नेमबाजीची लष्करी शाळा काढली. अंतर ओळखणे, श्वास धरणे, चाप दाबणे असे एकेका शिपायाला शिकवायचे विषय झाले आणि यथावकाश हिंदी पलटणींतही आले.

त्या शिकवणीचा गाभा चापावर आहे. ‘थ्री-नॉट-थ्री’ रायफलच्या चापाला दोन खेच असत. पहिली सैल, ती संपली की बोटाला अटकाव लागे. तिथे थांबायचे, अर्धा श्वास सोडून रोखायचा आणि दुसरी खेच सरळ मागे, इतकी सावकाश न्यायची की बार नेमका कधी सुटेल हे आपल्यालाही कळू नये. बार सुटल्यावरही बोट क्षणभर तिथेच ठेवायचे. सुटणार हे आधी कळले की शरीर दचकायला तयार होते, खांदा पुढे येतो आणि गोळी खाली जाते.

यामागे शरीररचना आहे. बोट वाकवणारा स्नायू बोटात नसतो, तो कोपराखाली असतो. त्याची दोरी तळहातातून बोटापर्यंत जाते. शेजारच्या बोटांनाही त्याच वेळी आवळण्याची ओढ असते आणि सगळी मूठ आवळली की नळी हलते. म्हणून पहिल्या पेराचा मांसल भाग चापावर आणि बाकीची मूठ जशीच्या तशी. आमच्या सुरतेत हिरे घासणारे कारागीर ज्या दुखण्यासाठी येतात, त्याला ‘ट्रिगर फिंगर’ म्हणतात. दोरी आवरणात अडकते आणि झटक्याने सुटते. नाव बंदुकीचे, पण चांगल्या नेमबाजाचे बोट नेमके असे झटक्याने सुटत नाही.

आता दादासाहेब. गणेश वासुदेव मावळंकर म्हणजे आपल्यासारख्याच, गुजरातेत रुजलेल्या मराठी घरातले. जन्म बडोद्याचा, १८८८ चा, वकिली अहमदाबादेत. गांधीजींचे सहकारी, सत्याग्रहात तुरुंगवास भोगलेले, लोकसभेचे पहिले अध्यक्ष. याच माणसाने १९५१ साली नॅशनल रायफल असोसिएशन ऑफ इंडिया स्थापन केली आणि तिचे पहिले अध्यक्षपदही भूषवले. राष्ट्रीय स्पर्धेआधीची निवड स्पर्धा आजही त्यांच्या नावाने भरते. मला यात विसंगती दिसत नाही. ज्याच्या हाती शस्त्र आहे त्याच्या बोटावर त्याचा ताबा हवा, ही अपेक्षा अहिंसेच्या विरुद्ध कशी?

दुसरी वाट एनसीसीची. तिचा कायदा १९४८ चा. शिकवायला फौजेतले हवालदार येत. मुले त्यांना उस्ताद म्हणत. आमच्या कॉलेजातले उस्ताद साताऱ्याकडचे. कारण विचारलेले त्यांना खपत नसे. नळीवर नाणे ठेवून रिकामी रायफल चालवायला लावीत. नाणे पडले की पुन्हा. हुकूम होईपर्यंत बोट चापाच्या कडीबाहेर. गोळ्या संपल्यावर ‘खाली कर’ हा हुकूम, आणि रिकामी रायफलही भरलेलीच समजायची. मिळणाऱ्या गोळ्या मोजक्या, सराव मात्र तासन्‌तास कोरडा. मला ही पद्धत तेव्हा कंटाळवाणी वाटे. आजचे अव्वल नेमबाजही गोळीविना तोच सराव रोज करतात.

मुंबईच्या कीर्ती कॉलेजात एनसीसीमुळे बंदूक हाती धरलेल्या अंजली वेदपाठक, म्हणजे अंजली भागवत, २००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये अंतिम फेरीत पोचल्या. दीपाली देशपांडे २००४ साली अथेन्सला खेळल्या आणि पुढे प्रशिक्षक झाल्या. त्यांचा शिष्य, राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे, याने २०२४ मध्ये पॅरिसला ५० मीटर थ्री पोझिशन्समध्ये ४५१.४ गुणांनी कांस्य मिळवले. फौजेची थेट शाखाही आहेच. होळकरांच्या इंदूरजवळच्या महू येथे लष्कराचे नेमबाजी केंद्र आहे. सुभेदार विजय कुमार तिथेच घडले आणि २०१२ ला लंडनहून रौप्य घेऊन आले.

खेळाने हत्यार मात्र पार बदलले. उस्तादांच्या रायफलची दुसरी खेच अडीच किलोच्या आसपास. दहा मीटर एअर पिस्तुलाच्या चापाला किमान ५०० ग्रॅम पुरतात आणि एअर रायफलला तेवढीही अट नाही. दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा, छर्रा साडेचार मिलिमीटरचा. चाप इतका हलका असताना बोट कडीबाहेर ठेवण्याची गरज वाढते, कमी होत नाही. एअर रायफलला घरोघरी खेळणे समजतात, हे मला धोक्याचे वाटते. स्पर्धेच्या नियमात मात्र त्या जुन्या हुकमाची जागा पक्की आहे: सराव थांबला की प्रत्येकाने नळीच्या भरण्याच्या जागी भडक रंगाची सुरक्षा दोरी घालायची, म्हणजे लांबूनही दिसावे की हत्यार रिकामे आहे.