१ जानेवारी १९७०, पहाटे ५.३० : ही वेळ तुमच्या फोनवर येते तरी कुठून?

३१ डिसेंबर २०१५. फेसबुकनं अनेकांना नोटिफिकेशन पाठवलं की अमक्यासोबतच्या तुमच्या फेसबुक मैत्रीला ४६ वर्षं झाली. आता फेसबुकच सुरू झालं २००४ साली! स्क्रीनशॉट धडाधड व्हायरल झाले, कंपनीनं बग असल्याचं मान्य केलं. पण ४६ हाच आकडा का? २०१५ मधून ४६ वजा करा. उरतं १९६९.

विषय असा आहे की, बहुतेक कॉम्प्युटर वेळ मोजतात ती सेकंदांमध्ये, १ जानेवारी १९७० च्या मध्यरात्रीपासून. ही मध्यरात्र यूटीसीची, म्हणजे जगाच्या प्रमाणवेळेची. डेटाबेसमध्ये तारखेची जागा रिकामी राहिली आणि ॲपनं ती शून्य धरली, की स्क्रीनवर थेट तो क्षण येतो. भारत साडेपाच तास पुढं, म्हणून आपल्याला पहाटेचे ५.३० दिसतात. अमेरिका मागं, म्हणून तिथं ३१ डिसेंबर १९६९.

मग वेळ अशी आकड्यात साठवणं चूक आहे का? नाही. जे घडून गेलंय त्यासाठी हीच पद्धत भारी. तुम्ही जुलैमध्ये पुण्यातून रात्री १० वाजता फोटो टाकला, तर सर्व्हरवर नोंद होते यूटीसीप्रमाणे दुपारी ४.३० ची. न्यू जर्सीतल्या मावसभावाला तीच पोस्ट दुपारी १२.३० ची दिसते. क्षण एकच, दाखवायचा ज्याच्या त्याच्या घड्याळात. मायएसक्यूएलमधला ‘टाइमस्टॅम्प’ हा प्रकार हेच रूपांतर करतो, ‘डेटटाइम’ मात्र दिलेली वेळ जशीच्या तशी ठेवतो. पोस्टग्रेसमध्ये ‘टाइमस्टॅम्प विथ टाइम झोन’ आहे, पण नाव फसवं आहे. तो झोन साठवतच नाही, वेळ यूटीसीत बदलून मोकळा होतो.

खरी गडबड होते जन्मतारखेत. जन्मतारीख हा क्षण नाही, नुसती तारीख आहे. समजा एखाद्या फॉर्मनं १५ ऑगस्ट ही तारीख ‘रात्री १२ वाजता’ असं धरून यूटीसीत बदलली, तर डेटाबेसमध्ये जातं १४ ऑगस्ट, संध्याकाळी ६.३०. पुढं कुणी वेळ कापून फक्त तारीख छापली, की तुमचा जन्म एक दिवस आधीचा! वाढदिवसाच्या शुभेच्छा आदल्या दिवशी आल्या तर हसून सोडता येतं. पण हीच तारीख प्रवेश अर्जावर किंवा विम्याच्या कागदावर गेली तर दुरुस्तीसाठी हेलपाटे तुम्हालाच. म्हणून इथं फक्त ‘डेट’ हा प्रकार वापरायचा, झोनचा संबंधच नको.

आता भविष्यातल्या वेळा. आपल्याकडे घड्याळ मागंपुढं करायची भानगड नाही, त्यामुळे हा मुद्दा सहज सुटतो. पण २०२३ च्या मार्चमध्ये लेबनॉन सरकारनं घड्याळं तासभर पुढं करायचा निर्णय अगदी काही दिवस आधी पुढं ढकलला. काही संस्थांनी तो मानलाच नाही. देशात एकाच वेळी दोन वेळा सुरू झाल्या आणि शेवटी सरकारनं माघार घेतली. अशा ठिकाणची पुढच्या महिन्यातली डॉक्टरांची अपॉइंटमेंट आधीच यूटीसीत बदलून ठेवली असेल तर? नियम बदलला की ती तासभर सरकते. म्हणून पुढच्या भेटी ठेवताना तिथल्या घड्याळातली वेळ आणि ‘एशिया/बैरूत’ असं झोनचं नाव, दोन्ही लिहून ठेवायचं. आपल्या झोनचं नाव ‘एशिया/कोलकाता’.

तारीख साध्या मजकुरात ठेवायचा मोह टाळलेला बरा. ०५/०८/२०२४ म्हणजे आपल्याला ५ ऑगस्ट, अमेरिकनांना ८ मे. शिवाय क्रम लावताना ही तारीख ३१/०१/२०२० च्या आधी येते.

आणि एक मुदत जवळ येतेय. ३२ बिटच्या जागेत सेकंदांचा आकडा २,१४७,४८३,६४७ पर्यंतच मावतो. यूट्यूबवर ‘गंगनम स्टाइल’नं २०१४ मध्ये ओलांडली ती हीच मर्यादा, आणि काउंटर ६४ बिटचा करावा लागला. वेळेच्या बाबतीत हा आकडा भरतो १९ जानेवारी २०३८ ला, भारतात सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी. मायएसक्यूएलच्या ‘टाइमस्टॅम्प’ला त्यापुढची तारीख झेपत नाही. आज वीस वर्षांचं गृहकर्ज घेतलं तर त्याचा शेवटचा हप्ता त्यापुढंच येतो. तो ‘डेट’ किंवा ‘डेटटाइम’मध्ये असला तर चिंता नाही, त्यांची मजल वर्ष ९९९९ पर्यंत आहे.