पंचाहत्तर टक्क्यांचं जग

ऑनलाइन गेम खेळणाऱ्या प्रत्येकाच्या डोक्यात एक यादी असते. इथे एक बंदर हवं होतं, ही तलवार एवढी स्वस्त नको, अमुक राक्षस फारच लवकर मरतो. बहुतेक कंपन्या ही यादी ऐकून घेतात आणि पुढे आपल्याला हवं तेच करतात. (मी सॉफ्टवेअरमध्ये आहे, आम्हीही तेच करतो.) एका गेमने मात्र ही यादी खरोखर मताला टाकली.

रुनस्केप जानेवारी २००१ मध्ये सुरू झाला. केंब्रिजमध्ये शिकणाऱ्या अँड्र्यू गॉवरने तो जावामध्ये लिहिला होता. ब्राउझरमध्ये चालायचा, त्यामुळे भारी कॉम्प्युटर लागत नसे. लाकडं तोडा, मासे पकडा, लोखंड वितळवा, आणि प्रत्येक कौशल्य पहिल्या पातळीपासून नव्याण्णवपर्यंत न्या. यातली गंमत अशी की ९२व्या पातळीला तुम्ही साधारण निम्मी वाट चाललेले असता. उरलेल्या सात पातळ्यांना तेवढेच कष्ट पडतात.

नकाशाच्या उत्तरेला एक ओसाड मुलूख होता. तिथे कुणीही कुणालाही मारून त्याचं सामान लुटू शकायचं. डिसेंबर २००७ मध्ये जॅगेक्स कंपनीने तिथली ही मारामारी बंद केली, आणि त्याच सुमारास खेळाडूंमधल्या मोकळ्या देवघेवीवरही लगाम घातला. कारण खरं होतं: गेममधलं सोनं खऱ्या पैशांत विकणाऱ्यांचा धंदा फोफावला होता आणि त्यात चोरीची क्रेडिट कार्डं वापरली जात होती. पण चोरांना रोखायला घातलेल्या कुंपणात साधे खेळाडू अडकले. मित्राला भारी चिलखत भेट द्यायचीही पंचाईत झाली. पुष्कळ जण सोडून गेले.

तीन वर्षांनी कंपनीने विचारलं, जुनं परत आणू का? बारा लाखांहून जास्त मतं पडली आणि त्यातली ९१ टक्के ‘हो’ होती. फेब्रुवारी २०११ मध्ये दोन्ही गोष्टी परतल्या. मग २०१३ मध्ये आणखी मोठा प्रश्न आला: अख्खा जुना गेमच परत हवा का? कंपनीकडे ऑगस्ट २००७ चा एक बॅकअप होता. बॅकअप घेणं सगळ्यांनाच जमतं, पण सहा वर्षांनी तो उघडून चालू करणं ही वेगळीच गोष्ट आहे, हे माझ्या धंद्यातल्या माणसाला सांगायला नको. जवळजवळ साडेचार लाख मतं पडली आणि ‘ओल्ड स्कूल रुनस्केप’ जन्माला आला.

या नव्या-जुन्या गेमची एक घटना ठरली. खेळात काही नवं आणायचं तर ७५ टक्के खेळाडूंनी होकार द्यायला हवा. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हे फार लोकशाहीवादी वाटलं. नंतर लक्षात आलं की हा प्रत्यक्षात २५ टक्क्यांहून थोड्या जास्त लोकांना दिलेला नकाराधिकार आहे. आणि मतदार कोण? बदलांना कंटाळून गेलेले आणि जुनं मिळालं म्हणूनच परतलेले लोक. नवं काही आलं असतं तर ज्यांनी खेळायला सुरुवात केली असती, त्यांना मत नव्हतं.

सगळ्यात मोठी भांडणं नव्या कौशल्यावरून झाली. गेममध्ये २३ कौशल्यं होती. ती सगळी ९९ वर नेण्यात काहींनी वर्षं घालवली होती. चोविसावं आलं की त्यांचा ‘सगळं पूर्ण’ हा मान एका रात्रीत जाणार. बाहेरून हे हास्यास्पद दिसतं, पण हजारो तास दिलेल्या माणसाला ते तसं वाटत नाही, आणि माझी सहानुभूती थोडी त्याच्याच बाजूने आहे. २०१४ मध्ये कारागिरीचं कौशल्य पडलं. २०१५ मध्ये नौकानयन पडलं. ती तर खेळाडूंमधली जुनी थट्टाच होती. २०१९ मध्ये ‘वॉर्डिंग’ आलं, त्याला सुमारे दोन तृतीयांश मतं मिळाली, तरी तेही पडलं. कुठल्याही संसदेत एवढ्यावर कायदा झाला असता.

२०२२ मध्ये अट ७० टक्क्यांवर आली. पुढच्या वर्षी खेळाडूंसमोर तीन कल्पना ठेवल्या: प्राणी माणसाळवणं, शमानविद्या आणि तेच थट्टेचं नौकानयन. थट्टा जिंकली. मग ती खरंच बांधायची का यावर पुन्हा मतदान झालं आणि सुमारे ७२ टक्के ‘हो’ आले. जुनी अट असती तर होडी चौथ्यांदा नव्या कौशल्याच्या नकारात बुडाली असती.

बांधकामाला दोन वर्षं लागली. मधल्या काळात कंपनी कच्चे नमुने खेळाडूंना देत राहिली, होडी कशी वळावी इथपर्यंत लोकांचे सल्ले घेत राहिली. नोव्हेंबर २०२५ मध्ये नौकानयन आलं. तेवीस कौशल्यं नव्याण्णववर नेलेले जुने खोडही त्या दिवशी पहिल्या पातळीवर, बाकी सगळ्यांसोबत, फळकुटांच्या तराफ्यासारख्या होडीत बसले.