जुन्या मोटारीचे ‘टायमिंग’ कसे तपासावे?

मुंबईतील प्रीमियर पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. हौशी मालकांनी जपलेल्या पद्मिनी मात्र आजही धावतात. तिच्या १०८९ सीसी, चार सिलिंडरच्या इंजिनात ठिणगी केव्हा पडावी, हे डिस्ट्रिब्युटर ठरवतो.

ठिणगी फार आधी पडत असल्यास चढावर इंजिनातून टकटक ऐकू येते. दुर्लक्ष केल्यास पिस्टन निकामी होऊ शकतात. ठिणगी उशिरा पडत असल्यास गाडीची ओढ कमी होते, इंजिन तापते आणि पेट्रोल अधिक जळते.

अशा वेळी थेट डिस्ट्रिब्युटर फिरवणे चुकीचे ठरते. प्रथम पॉइंटची फट फिलर गेजने मोजावी. पॉइंटची टाच झिजली की फट कमी होते आणि टायमिंग आपोआप मागे पडते. म्हणून आधी फट, मग टायमिंग, हाच क्रम पाळावा.

त्यानंतर पहिल्या सिलिंडरचा पिस्टन कॉम्प्रेशनच्या फेरीत आणावा. पॉइंटची तार आणि बॉडी यांमध्ये १२ व्होल्टचा दिवा जोडून इग्निशन चालू करावे आणि इंजिन हाताने सुलट दिशेने सावकाश फिरवावे. पुलीवरील खूण माहितीपुस्तिकेतील अंशावर येताच दिवा लागला, तर टायमिंग अचूक आहे. तो आधी लागल्यास टायमिंग पुढे, नंतर लागल्यास मागे आहे असे समजावे.

टायमिंग लाइटच्या उजेडात खूण सतत उड्या मारत असेल, तर डिस्ट्रिब्युटरचा बुश झिजल्याचा संशय घ्यावा. तसे असल्यास केवळ टायमिंग बदलून दोष जात नाही.