दूरदर्शन-आकाशवाणीचा निवेदक फेसबुकवर राजकीय मत मांडू शकतो का?

समजा, भिवंडीत राहणारी एक तरुणी आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावर नैमित्तिक उद्घोषक आहे. भिवंडी रोड स्थानक दिवा-वसई मार्गावर असल्याने मुंबईची थेट लोकल नाही. रिक्षाने कल्याण किंवा ठाणे गाठायचं, तिथून लोकल, मग चर्चगेटजवळचं केंद्र. परतीच्या वाटेवर खड्ड्यांत अडकलेल्या रिक्षातून तिने फेसबुकवर दोन ओळी लिहिल्या : रस्त्याचा पैसा कुठे गेला, आणि या वेळी कुणाला मत देऊ नये. खाली लगेच कुणीतरी कमेंट टाकली : 'सरकारी रेडिओवर बोलता आणि हे लिहिता? तक्रार करू का?'

उदाहरण काल्पनिक आहे, पण कमेंटमधला प्रश्न खरा आहे. करदात्यांच्या पैशावर चालणाऱ्या वाहिनीवर ज्याचा आवाज आपण ऐकतो, त्याने स्वतःच्या अकाउंटवरून राजकीय मत मांडावं का? मांडलं तर कारवाई होऊ शकते का? याचं 'हो' किंवा 'नाही' असं एका शब्दात उत्तर नाही. बोलणारा माणूस कोणत्या प्रकारचा कर्मचारी आहे, हे आधी पाहावं लागतं.

कायदा काय म्हणतो?

दूरदर्शन आणि आकाशवाणी हे दोन्ही प्रसार भारती या महामंडळाचे भाग आहेत. प्रसार भारती कायदा संसदेने १९९० साली केला, पण तो प्रत्यक्ष लागू व्हायला सप्टेंबर १९९७ उजाडला. मधली सात वर्षं तो कागदावरच होता.

या कायद्याचं कलम १२ इथे महत्त्वाचं आहे. सार्वजनिक हिताच्या विषयांवर मोकळेपणाने, खरी आणि वस्तुनिष्ठ माहिती मिळणं हा नागरिकाचा हक्क आहे आणि प्रसार भारतीने तो जपायचा, असं ते सांगतं. परस्परविरोधी मतांसह माहितीचा समतोल प्रवाह लोकांसमोर ठेवायचा आणि तो ठेवताना स्वतःच्या कोणत्याही मताचा किंवा विचारसरणीचा पुरस्कार करायचा नाही. कायद्यातला निःपक्षपातीपणा म्हणजे गप्प बसणं नव्हे. विरोधी मतं दाखवायचीच आहेत, फक्त त्यातलं एक मत आपलं म्हणून मिरवायचं नाही.

याच कायद्यात कलम २३ सुद्धा आहे. देशाचं सार्वभौमत्व, एकता, सुरक्षा किंवा सार्वजनिक सुव्यवस्था यांसाठी एखादी गोष्ट प्रसारित करा किंवा करू नका, असा निर्देश केंद्र सरकार त्याखाली देऊ शकतं. स्वायत्तता आहे, पण दोर सरकारच्या हातात आहे.

हे सगळं झालं संस्थेबद्दल. निवेदक हा माणूस आहे, आणि प्रसार भारतीत एकाच माईकसमोर तीन वेगवेगळ्या प्रकारची माणसं बसतात.

५ ऑक्टोबर २००७ पूर्वी भरती झालेले अधिकारी-कर्मचारी केंद्र सरकारचेच नोकर मानले जातात आणि निवृत्तीपर्यंत ते प्रसार भारतीत प्रतिनियुक्तीवर असतात. त्यांना केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९६४ लागू होतात. त्यानंतर महामंडळाने स्वतः नेमलेले कर्मचारी हा दुसरा गट, त्यांना महामंडळाच्या सेवाशर्ती लागू. तिसरा गट कंत्राटी निवेदक आणि नैमित्तिक उद्घोषकांचा. त्यांना महिन्यातून मोजक्या ड्युट्या मिळतात आणि त्या ड्युटीपुरतं मानधन. श्रोत्याला ज्यांचे आवाज ओळखीचे वाटतात, त्यातले बरेच या तिसऱ्या गटातले असतात.

१९६४ च्या नियमांतला नियम ५ सांगतो की सरकारी कर्मचाऱ्याने राजकीय पक्षाचं काम किंवा निवडणूक प्रचार करायचा नाही. नियम ९ खाली केंद्र किंवा राज्य सरकारच्या सध्याच्या अथवा अलीकडच्या धोरणावर प्रतिकूल टीका होईल असं विधान रेडिओवर, टीव्हीवर किंवा छापून करता येत नाही, निनावीसुद्धा नाही. नियम लिहिले तेव्हा फेसबुक नव्हतं, पण समाजमाध्यमांवरच्या पोस्टसाठी हेच नियम पुढे केले जातात.

इथे एक गोची आहे. नियम ९ टीकेला रोखतो, स्तुतीबद्दल तो काहीच बोलत नाही. सरकारच्या योजनेवर नाराजी व्यक्त करणारी पोस्ट थेट नियमात सापडते. त्याच योजनेचं भरभरून कौतुक करणारी पोस्ट पकडायची तर २०१४ साली नियमांत घातलेल्या 'राजकीय तटस्थता' या मोघम शब्दांचा आधार घ्यावा लागतो, आणि कौतुक केलं म्हणून नोटीस काढण्याची घाई कुठल्या साहेबाला असणार? तटस्थतेचा काटा असा एकाच बाजूला झुकलेला आहे, आणि या विषयावरचे निम्मे वाद तिथूनच सुरू होतात.

दुसरीकडे न्यायालयांनी कर्मचाऱ्याच्या बाजूनेही कौल दिला आहे. सरकारी नोकरी धरली म्हणून मूलभूत हक्क संपत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्येच कामेश्वर प्रसाद खटल्यात सांगितलं. जानेवारी २०२० मध्ये त्रिपुरा उच्च न्यायालयापुढे एका सरकारी कर्मचारी महिलेचं प्रकरण आलं होतं. राजकीय सभेला हजर राहणं आणि फेसबुकवर राजकीय पोस्ट लिहिणं हे तिच्यावरचे आरोप होते. मुख्य न्यायमूर्ती अकील कुरेशी यांनी तिच्यावरची कारवाई रद्द केली. सभेला नुसतं हजर असणं म्हणजे सहभाग नव्हे आणि कर्मचाऱ्यालाही स्वतःची राजकीय मतं असू शकतात, नियमांच्या मर्यादेत ती मांडताही येतात, असा त्या निकालाचा आशय होता.

भिवंडी, 'तमस' आणि दूरदर्शन

दूरदर्शनने काय दाखवावं आणि काय दाखवू नये, यावरचा देशातला एक गाजलेला खटला थेट भिवंडीशी जोडलेला आहे. भिवंडीतही हे अनेकांना माहीत नसतं.

मे १९७० मध्ये शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या वेळी भिवंडीत दंगल उसळली. तिच्या चौकशीसाठी न्यायमूर्ती डी. पी. मादन यांचा आयोग नेमला गेला. दंगलीनंतर अभिनेते बलराज साहनी आणि त्यांचे लेखक बंधू भीष्म साहनी भिवंडीत आले होते. यंत्रमागांच्या या गावातली उद्ध्वस्त वस्ती पाहताना भीष्म साहनींना मार्च १९४७ ची रावळपिंडी आठवली. त्या काळात ते तिथे काँग्रेसचं काम करत होते. भिवंडीहून परतल्यावर त्यांनी कादंबरी लिहायला घेतली, तीच 'तमस'. तिला १९७५ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

गोविंद निहलानी यांनी कादंबरीवर मालिका केली आणि जानेवारी १९८८ मध्ये ती दूरदर्शनवर सुरू झाली. तेव्हा प्रसार भारती नव्हती. दूरदर्शन थेट माहिती आणि प्रसारण मंत्रालयाखाली होतं आणि घराघरात तीच एक वाहिनी होती. मालिकेमुळे दोन समाजांत तेढ वाढेल, अशी याचिका मुंबई उच्च न्यायालयात दाखल झाली आणि प्रसारणाला तात्पुरती स्थगिती मिळाली. मग न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन आणि न्यायमूर्ती सुजाता मनोहर यांच्या खंडपीठाने संपूर्ण मालिका स्वतः बसून पाहिली आणि स्थगिती उठवली. दोन्ही बाजूंच्या धर्मांधांना मालिका उघडं पाडते, भडकवत नाही, असं त्यांचं मत पडलं.

प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १६ फेब्रुवारी १९८८ रोजी न्यायमूर्ती सब्यसाची मुखर्जी आणि न्यायमूर्ती एस. रंगनाथन यांनी याचिका फेटाळली. निकालात त्यांनी नागपूर उच्च न्यायालयाच्या १९४० च्या दशकातल्या एका निकालाचा आधार घेतला. त्यात न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी कसोटी सांगितली होती की शब्दांचा परिणाम समंजस, खंबीर आणि धीट माणसाच्या नजरेने मोजायचा. प्रत्येक विरोधी मतात धोका दिसणाऱ्या कमकुवत मनाच्या माणसाच्या नजरेने नाही.

आज एखाद्या निवेदकाच्या पोस्टवर 'भावना दुखावल्या' अशी तक्रार येते, तेव्हा ही कसोटी उपयोगी पडते. अर्थात ती प्रसारणाच्या स्वातंत्र्याची कसोटी आहे, नोकरीतल्या शिस्तीची नाही. पोस्ट गुन्हा नसली तरी सेवानियमांचा भंग असू शकते.

बदनामीचा कायदा मात्र सगळ्यांना सारखाच लागू आहे, नोकरी असो वा नसो. ६ मार्च २०१४ रोजी भिवंडीजवळच्या सोनाळे इथल्या प्रचारसभेत राहुल गांधी यांनी महात्मा गांधींच्या हत्येसंदर्भात राष्ट्रीय स्वयंसेवक संघाबद्दल केलेल्या विधानावरून भिवंडीच्या न्यायालयात फौजदारी बदनामीची तक्रार झाली. जून २०१८ मध्ये ते स्वतः न्यायालयात हजर राहिले, आरोप निश्चित झाले आणि त्यांनी ते नाकारले.

संस्थाच तटस्थ नसेल तर?

निवेदकाकडून तटस्थता मागताना संस्थेचा स्वतःचा इतिहासही बघायला हवा. तो कोणत्याच पक्षाला फारसा शोभा देणारा नाही.

आणीबाणीत, १९७६ मध्ये, सरकारी कार्यक्रमात गायला नकार दिल्यामुळे किशोर कुमार यांची गाणी आकाशवाणी आणि दूरदर्शनवर बंद झाली. काँग्रेसच्याच नेतृत्वाखालचं सरकार असताना २०१४ च्या लोकसभा प्रचारात दूरदर्शनने घेतलेल्या नरेंद्र मोदींच्या मुलाखतीतला काही भाग कापला गेला, आणि खुद्द प्रसार भारतीचे तेव्हाचे मुख्य कार्यकारी अधिकारी जवाहर सरकार यांनी स्वायत्ततेच्या अभावावर बोट ठेवलं. सरकार बदललं. त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला सरसंघचालक मोहन भागवत यांचं नागपूरचं विजयादशमीचं भाषण दूरदर्शनने थेट दाखवलं. २०१७ च्या स्वातंत्र्यदिनी त्रिपुराचे माकपचे मुख्यमंत्री माणिक सरकार यांचं भाषण मात्र बदल केल्याशिवाय प्रसारित करायला नकार दिला गेला. एप्रिल २०२४ मध्ये, ऐन निवडणुकीत, डीडी न्यूजचं लाल बोधचिन्ह भगव्या रंगात आलं. मे महिन्यात सीताराम येचुरींच्या निवडणूक भाषणातून 'मुस्लिम' हा शब्द आणि 'जातीयवादी हुकूमशाही राजवट' अशा अर्थाचे शब्द काढायला लावले गेले. त्यासाठी निवडणूक आयोगाच्या नियमावलीचा हवाला दिला गेला.

जुन्या मुंबई दूरदर्शनच्या वृत्तनिवेदकांची आठवण अशा वेळी हमखास निघते. १९७२ साली सुरू झालेल्या या केंद्रावर सुरुवातीच्या काळात स्मिता पाटील बातम्या वाचायच्या, पुढे प्रदीप भिडेंचा आवाज घरोघरी पोचला. त्यांचं राजकीय मत काय, हे प्रेक्षकाला कळायला जागाच नव्हती. तो काळ फार सज्जन होता असं नाही. त्यांच्या हातात फोन नव्हता, एवढाच फरक.

आता मत लपत नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये विरोधकांच्या 'इंडिया' आघाडीने ज्या १४ अँकरच्या कार्यक्रमांत प्रवक्ते न पाठवण्याचं ठरवलं, त्यात बहुतेक खासगी वाहिन्यांचे होते. पण एक नाव डीडी न्यूजचं होतं : अशोक श्रीवास्तव. त्याच यादीतले सुधीर चौधरी मे २०२५ पासून डीडी न्यूजवर कार्यक्रम करू लागले. विरोधकांची यादी योग्य होती की तो माध्यमांवरचा दबाव होता, यावर तेव्हाही वाद झाला. पण सार्वजनिक वाहिनीच्या निवेदकाकडे एका बाजूचा म्हणून पाहिलं जाणं, हेच कलम १२ च्या दृष्टीने अडचणीचं आहे.

बीबीसीने काय केलं?

७ मार्च २०२३ रोजी माजी फुटबॉलपटू आणि बीबीसीच्या 'मॅच ऑफ द डे' कार्यक्रमाचे निवेदक गॅरी लिनेकर यांनी ब्रिटिश सरकारच्या निर्वासितविषयक धोरणावर ट्वीट केलं. सरकारची भाषा १९३० च्या दशकातल्या जर्मनीची आठवण करून देणारी आहे, असं त्यांनी लिहिलं. बीबीसीने त्यांना कार्यक्रमापासून दूर केलं. सहकाऱ्यांनी त्यांच्या पाठिंब्यासाठी काम थांबवलं आणि ११ मार्चचा कार्यक्रम निवेदकाविना, समालोचनाविना जेमतेम २० मिनिटांत उरकावा लागला. दोन दिवसांत लिनेकर परत आले.

लिनेकर बातम्या देत नव्हते, फुटबॉलवर बोलत होते, आणि बीबीसीचे पगारी नोकरही नव्हते. सप्टेंबर २०२३ मध्ये बीबीसीने नवी मार्गदर्शक सूत्रं आणली. बातम्यांतल्या लोकांवरची बंधनं कडकच राहिली. बातम्यांबाहेरच्या मोठ्या कार्यक्रमांच्या निवेदकांना धोरणांवर मत मांडता येईल, पण पक्षाचा प्रचार करता येणार नाही, अशी रेष आखली गेली. मे २०२५ मध्ये झायोनिझमविषयीच्या एका पोस्टवरून पुन्हा वाद झाला. त्या पोस्टमध्ये उंदराचं चित्र होतं, ज्याला ज्यूद्वेषाचा इतिहास आहे. लिनेकर यांनी माफी मागितली आणि बीबीसी सोडली.

मराठीत असा वाद खासगी वाहिनीवर झाला. जानेवारी २०२२ मध्ये अभिनेते किरण माने यांना 'मुलगी झाली हो' मालिकेतून काढण्यात आलं. राजकीय पोस्टमुळे काढलं, असं माने यांचं म्हणणं होतं. सहकलाकारांशी गैरवर्तन हे कारण निर्मिती आणि वाहिनीच्या बाजूने दिलं गेलं. खासगी वाहिनीला कलम १२ लागू नाही. तिथे करार चालतो.

मग भिवंडीच्या उद्घोषिकेचं काय?

२८ जुलै २०२५ रोजी महाराष्ट्र सरकारने समाजमाध्यमांच्या वापराबद्दल शासन निर्णय काढला. त्यानुसार राज्य किंवा केंद्र सरकारच्या चालू अथवा अलीकडच्या धोरणावर प्रतिकूल टीका करता येत नाही आणि वैयक्तिक व कार्यालयीन अकाउंट वेगळं ठेवावं लागतं. तो कंत्राटी कर्मचाऱ्यांना आणि स्थानिक स्वराज्य संस्थांनाही लागू आहे. म्हणजे भिवंडी-निजामपूर शहर महापालिकेतल्या लिपिकाला तो लागू होतो, आकाशवाणीच्या उद्घोषिकेला नाही. आकाशवाणी केंद्राची आहे.

ती नैमित्तिक असल्याने १९६४ चे नियमही तिला आपोआप लागू होत नाहीत. तिच्यासाठी महत्त्वाचा कागद म्हणजे तिने सही केलेला करार. त्यात काय लिहिलंय ते पोस्ट टाकण्यापूर्वी वाचलेलं बरं. रस्त्याच्या खड्ड्यांबद्दल नागरिक म्हणून तक्रार करणं आणि 'अमक्याला मत देऊ नका' म्हणणं यात फरक आहे, दुसरं वाक्य प्रचारात मोडतं. माईकसमोर तर आकाशवाणीची संहिता लागू होतेच, आणि तिच्यानुसार कोणत्याही राजकीय पक्षावर नाव घेऊन हल्ला करता येत नाही.

तिची खरी अडचण वेगळी आहे. कायम कर्मचाऱ्याला नोटीस येते, उत्तर द्यायला मुदत मिळते, न्यायाधिकरणात जाता येतं. नैमित्तिक उद्घोषिकेला कारवाईची गरजच नसते. पुढच्या महिन्याच्या ड्युटीच्या यादीत तिचं नाव नसतं, आणि ते का नाही हे सांगणारा कागदही कुणी देत नाही. प्रोफाइलवर 'मतं वैयक्तिक' असं लिहिलेलं असलं तरी त्या यादीला फरक पडत नाही.