वातारासेच्या उगमाकडे

जपानांतील आशिओच्या तांब्याच्या खाणीनें राष्ट्रास संपत्ति दिली. वातारासे नदीस मात्र विष दिलें. गंधकाच्या धुरानें डोंगर बोडके झाले, पूर वाढले आणि विषारी गाळ भातशेतांत पसरला. शेतकऱ्यांचें गाऱ्हाणें संसदेंत वर्षानुवर्षें मांडून थकलेल्या तानाका शोझो यांनीं १९०१ सालीं सभासदत्व सोडलें, आणि अर्ज हातीं घेऊन ते सम्राटाच्या गाडीकडे धांवले; पहारेकऱ्यांनीं त्यांस अडविलें. सरकारनें खाण चालूच ठेविली. पूर थोपविण्याच्या योजनेपायीं यानाका गांवांतील उरलीं घरें १९०७ सालीं पाडलीं.

खाण १९७३ सालीं बंद झाली, तरी उतार उघडेच होते. १९९६ पासून सरकारी वनीकरणाच्या जोडीस नागरिकांचा संघ उभा राहिला. दर वसंतांत माणसें माती व रोपें घेऊन ते डोंगर चढतात. खालचें पाणी निर्मळ हवें तर वरचा डोंगर हिरवा हवा. एवढें उमजण्यास शतक लागलें.