माल्टाची शेळी आणि न उतरणारा ताप



धारोष्ण दूध अंगी लागते, असे आपण लहानपणापासून ऐकतो. भूमध्य समुद्रातल्या माल्टा बेटावरही लोक असेच मानत. तिथे गवळी शेरडांचा कळप गल्लोगल्ली फिरवीत आणि गिऱ्हाइकाच्या दारातच धार काढून देत. दूध ताजे, भेसळीची भीती नाही! पण त्या बेटावर एक चिवट ताप होता. चढायचा, उतरायचा, पुन्हा चढायचा. रात्री घाम सुटे, सांधे धरत, माणूस महिनोन्‌महिने अंथरुणाला खिळे.

१८८७ साली डेव्हिड ब्रूस या लष्करी डॉक्टरने मेलेल्या शिपायांच्या पाणथरीत या तापाचे जंतू सापडल्याचे जाहीर केले. पण ते येतात कुठून? कुणी धुळीवर संशय घेतला, कुणी डासांवर. १९०५ साली माल्टाचेच डॉक्टर थेमिस्टोक्लीस झामिट यांनी शेळ्यांचे रक्त तपासले. शेळ्या दिसायला ठणठणीत, पण पुष्कळांच्या रक्तात रोगाची खूण निघाली. काहींच्या दुधातही जंतू मिळाले.

१९०६ मध्ये फौजेचे शेळीचे दूध बंद झाले आणि छावणीतला ताप झपाट्याने ओसरला. गावकऱ्यांचे काय? त्यांचे पोट शेळीवरच. ते कच्चे दूध पीत राहिले, आणि ताप त्यांच्या घरात पुढे कित्येक वर्षे राहिला.

हाच रोग म्हणजे ब्रुसेलोसिस, अर्थात सांसर्गिक गर्भपात. तो आपल्या गाई-म्हशी, शेळ्या-मेंढ्यांतही आढळतो. म्हणून एवढे कराच :

१. जनावर निरोगी दिसले तरी दूध चांगले उकळूनच प्या.

२. जनावर गाभडले तर वार व मेलेले पिल्लू उघड्या हाताने धरू नका, कुत्र्यांपुढे टाकू नका. खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा. गरोदर बायकांना तिथे जाऊ देऊ नका.

३. गाभडलेले जनावर वेगळे बांधा. पशुवैद्यकाकडून रक्त तपासून घ्या. ते गुपचूप बाजारात विकाल, तर रोग शेजाऱ्याच्या दावणीला बांधाल.

४. गाई-म्हशींच्या मादी वासरांना चार ते आठ महिन्यांच्या वयात पशुवैद्यकाकडूनच लस टोचून घ्या.

आणि घरात कुणाचा ताप हटत नसेल, तर दवाखान्यात आपणहून सांगा, ‘डॉक्टर, आमच्याकडे जनावरं आहेत. एक गाभडलं होतं.’ एवढ्या एका वाक्याने योग्य तपासणी लवकर होईल.