घरच्या डॉक्टरापुढचे प्रश्न

औषध दिलें आणि रोगी बरा झाला. तेव्हां औषधानेंच तो बरा झाला, हें अनुमान फार जुनें आहे, फार सोयीचें आहे, आणि पुष्कळदां खोटें आहे. साधें पडसें औषधावांचूनहि बहुधा आठ-दहा दिवसांत ओसरतें. अवघडलेली कंबर बहुतेक वेळां कांहीं आठवड्यांत आपोआप मोकळी होते. या अवधींत जो काढा, जी गोळी किंवा जो लेप रोग्याला मिळाला असेल, त्याच्या पदरांत यशाचें माप पडतें. घरच्या डॉक्टराची अडचण येथेंच सुरू होते. त्याच्याकडे सारें कुटुंब येतें, आणि कुटुंबाबरोबर रोजचे प्रश्न येतात. हा ताप वाट पाहून जाईल, कीं त्याला औषध हवें? हा खोकला किती दिवस चालूं द्यावा? तान्ह्या मुलाला उताणें निजवावें कीं पालथें? या प्रश्नांचीं उत्तरें आठवणींतून द्यावयाचीं कीं पुराव्यावरून, हा झगडा सुमारें पावणेतीनशें वर्षें चालला आहे. त्यांत पुरावा मिळविणें कठीण ठरलेंच. पण मिळालेला पुरावा रोग्याच्या बिछान्यापर्यंत पोंचविणें त्याहूनहि कठीण ठरलें.

२० मे १७४७ रोजीं इंग्लंडच्या आरमारांतील ‘सॅलिसबरी’ या जहाजावर जेम्स लिंड या शस्त्रवैद्यानें स्कर्व्हीनें पछाडलेले बारा खलाशी निवडले. सडलेल्या हिरड्या, अंगावरचे डाग आणि गुडघ्यांतील अशक्तपणा हीं त्यांचीं लक्षणें होतां होईल तों सारखीं होतीं. सर्वांना एका जागीं ठेवून एकच आहार दिला, आणि दोघादोघांच्या सहा जोड्या करून प्रत्येक जोडीवर निराळा उपाय योजला. एकीला सफरचंदाची आंबवलेली दारू, दुसरीला गंधकाम्लाचे थेंब, तिसरीला शिरका, चौथीला समुद्राचें पाणी, पांचवीला रोज दोन संत्रीं व एक लिंबू, आणि सहावीला जायफळ वगैरे घातलेलें चाटण. सहा दिवसांत फळें संपलीं. परंतु तेवढ्यांत फळें खाणाऱ्यांपैकीं एकजण कामावर रुजू होण्याजोगा झाला, आणि दुसरा इतरांची शुश्रूषा करूं लागला.

इतकें स्वच्छ उत्तर मिळूनहि पुढें काय घडलें? लिंडचा ग्रंथ १७५३ सालीं निघाला. त्या जाड ग्रंथांत हा प्रयोग थोडक्यांत सांगितलेला होता. शिवाय फळांचा रस आटवून सांठवावा असें लिंडनेंच सुचविलें, आणि आटवितांना रसाचा गुणच बव्हंशीं नष्ट होई. आरमारांत लिंबाचा रस देण्याचा निर्णय १७९५ सालीं झाला. प्रयोगाला तेव्हां अठ्ठेचाळीस वर्षें लोटलीं होतीं, आणि लिंड आदल्याच वर्षीं वारला होता. मधल्या काळांत स्कर्व्हीनें जे खलाशी मेले, ते उत्तर ठाऊक नसल्यामुळें मेले असें म्हणतां येत नाहीं. उत्तर होतें, पण तें पुस्तकांत पडून होतें.

नव्या उपायाची परीक्षा एकपट अवघड, तर रूढ झालेल्या उपायाची दसपट. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत पॅरिसमध्यें तापावर, सुजेवर, किंबहुना हरएक दुखण्यावर रक्त काढण्याचा प्रघात होता. थोरामोठ्यांचा आधार असलेल्या या उपायाकडे पिअर लुई या डॉक्टरानें हिशेबाच्या वहीसारखें पाहिलें. न्यूमोनियाच्या सत्याहत्तर रोग्यांची त्यानें नोंद केली. ज्या ४१ जणांचें रक्त पहिल्या चार दिवसांत काढलें होतें, त्यांपैकीं १८ दगावले. ज्या ३६ जणांचें त्यानंतर काढलें, त्यांपैकीं ९ दगावले. लवकर रक्त काढल्यानें जीव वांचतो या समजुतीला या आकड्यांत आधार नव्हता. १८३५ सालीं त्याचा ग्रंथ निघाल्यावर वाद माजला. प्रत्येक रोगी निराळा; त्याला सरासरींत कसें कोंबतां येईल, असा प्रतिपक्षाचा आक्षेप होता. आक्षेप क्षुद्र नव्हता, आणि घरच्या डॉक्टराला तो आजहि जवळचा वाटेल. परंतु ज्याला अनुभव म्हणतात तो तरी काय असतो? तीहि एक गणतीच असते. फक्त तींत बरे झालेले रोगी स्मरणांत राहतात, आणि गेलेले हळूहळू पुसट होतात.

महाराष्ट्रालाहि या गणतीचा एक दाहक प्रसंग पाहावा लागला. सप्टेंबर १८९६ मध्यें मुंबईच्या मांडवी भागांत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनीं प्लेग ओळखला. वाल्देमार हाफकिन यांनीं ग्रँट मेडिकल कॉलेजांतील एका लहानशा प्रयोगशाळेंत लस तयार केली, आणि १० जानेवारी १८९७ रोजीं ती प्रथम स्वतःला टोंचून घेतली. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगांत प्लेग शिरला. कैद्यांपैकीं सुमारें निम्मे टोंचून घेण्यास आपखुषीनें पुढें आले. भिंती त्याच, अन्न तेंच, सांथहि तीच. न टोंचलेल्यांपैकीं बाराजणांना प्लेग झाला व सहा मेले. टोंचलेल्यांपैकीं दोघांना झाला, पण मेला कोणीच नाहीं. तरीहि या तुलनेंत एक फट राहिली होती. जे स्वतः होऊन पुढें आले, ते मुळांतच अधिक सशक्त किंवा अधिक सावध नसतील कशावरून?

ही फट बुजविण्याचा मार्ग म्हणजे निवड मनुष्याच्या हातून काढून घेणें. कोणाला औषध मिळावें हें ना रोग्यानें ठरवावें ना डॉक्टरानें. तें चिठ्ठीनें ठरावें. १९४८ सालीं प्रसिद्ध झालेली क्षयरोगावरील स्ट्रेप्टोमायसिनची ब्रिटनमधील परीक्षा याच तत्त्वावर झाली; तिची आखणी ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनीं केली होती. औषध इतकें तुटपुंजें होतें कीं तें सर्वांना देणें शक्यच नव्हतें. १०७ रोग्यांची वांटणी बंद पाकिटांतील चिठ्ठ्यांनीं झाली. सहा महिन्यांत औषध घेणाऱ्या ५५ जणांपैकीं ४ मेले, आणि केवळ विश्रांतीवर ठेवलेल्या ५२ जणांपैकीं १४ मेले. याच परीक्षेंत असेंहि दिसलें कीं पुष्कळ रोग्यांतील जंतु थोड्याच काळांत औषधाला जुमानीनासे होतात. औषधाचा गुण आणि त्याची मर्यादा, दोन्ही एकाच परीक्षेनें सांगितल्या.

पद्धत हातीं आली, तरी लिंडच्या वेळचा विलंब संपला नाहीं. तान्ह्या मुलाला कसें निजवावें, हा प्रश्न या विलंबाची सर्वांत करुण साक्ष आहे. अमेरिकेंतील बेंजामिन स्पॉक यांचें बालसंगोपनावरील पुस्तक असंख्य घरांत वाचलें जाई. १९५० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धापासून त्यांत मुलाला पालथें निजवावें असा सल्ला आला. उताणें मूल ओकल्यास गुदमरेल, असें त्याचें कारण दिलें होतें. कारण ऐकावयास पटणारें होतें. पण तें मोजून पाहिलेलें नव्हतें. २००५ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यांत जुने अभ्यास एकत्र मांडले गेले, तेव्हां दिसून आलें कीं पालथें निजण्यांतील धोका १९७० पर्यंतच्या पुराव्यांतच उघड होता. ब्रिटनमध्यें मुलांना उताणें निजविण्याची मोहीम १९९१ सालीं निघाली, अमेरिकेंत १९९४ सालीं. हा पुरावा वेळीं गोळा केला असता, तर ब्रिटनमध्यें दहा हजारांहून अधिक, आणि युरोप, अमेरिका व ऑस्ट्रेलेशिया मिळून किमान पन्नास हजार बालकांचे मृत्यु कदाचित् टळले असते, असा त्या आढाव्याचा अंदाज आहे. सल्ला देणारे दुष्ट नव्हते कीं आळशीहि नव्हते. विखुरलेले अभ्यास कोणी एका जागीं आणले नव्हते, इतकेंच.

आर्चिबाल्ड कॉक्रेन या स्कॉटिश डॉक्टरानें १९७९ सालीं आपल्या व्यवसायावर नेमकें हेंच दूषण ठेवलें: अशा परीक्षांचा विषयवार, चिकित्सक आणि वेळोवेळीं सुधारलेला गोषवारा वैद्यकानें तयारच केला नाहीं. त्यांच्या मृत्यूनंतर पांच वर्षांनीं, १९९३ सालीं, या कामासाठीं त्यांच्या नांवाची आंतरराष्ट्रीय संस्था निघाली. घरच्या डॉक्टरांसाठीं आणखी एक सोय झाली. २००४ सालीं अमेरिकेंतील कुटुंबवैद्यकाच्या नियतकालिकांनीं प्रत्येक सल्ल्यापुढें ए, बी किंवा सी अशी प्रत लिहिण्याची पद्धत ठरविली. रोग्यांच्या आयुष्यांत प्रत्यक्ष काय फरक पडला याचा चांगला व एकमुखी पुरावा असल्यास ए; तो अपुरा किंवा विसंगत असल्यास बी; आणि केवळ वहिवाट किंवा जाणत्यांचें मत असल्यास सी. मताला यांत बंदी नाहीं; परंतु मतानें पुराव्याचा वेष घेऊन येतां कामा नये, एवढाच दंडक आहे.

आणि तरीहि शेवटची पायरी घरच्या डॉक्टरालाच चढावी लागते. अमेरिकेंतील आयोवा संस्थानांत १०३ घरच्या डॉक्टरांचें काम प्रत्यक्ष पाहून केलेला एक अभ्यास १९९९ सालीं प्रसिद्ध झाला. रोगी तपासतांना त्या डॉक्टरांच्या मनांत एकूण १,१०१ प्रश्न उद्भवले. त्यांपैकीं ७०२ प्रश्नांचा त्यांनीं त्या वेळीं शोधच घेतला नाहीं. ज्यांचा शोध घेतला, त्यांपैकीं पांचांतल्या चार प्रश्नांना उत्तर मिळालें, आणि एका शोधाला सरासरी दोन मिनिटेंहि लागलीं नाहींत. लिंडचें उत्तर जहाजांपर्यंत पोंचावयास अठ्ठेचाळीस वर्षें लागलीं; आतां तें अंतर कित्येकदां दोन मिनिटांचें असतें. तीं दोन मिनिटें काढतांना डॉक्टर जेव्हां रोग्याला म्हणतो, “थांबा, पाहून सांगतों,” तेव्हां त्याचें अज्ञान उघडें पडत नाहीं. पूर्वीच्या रोग्यांनीं आपल्या प्राणांनीं जो हिशेब लिहून ठेवला आहे, तो या रोग्यासाठीं तो वाचीत असतो.